आजी पडली, तर लेकरं कुणाकडं?

मा. अध्यक्ष आणि संचालक,
गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ यांना,



दिवाळीच्या आगेमागे बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातली आमची गावं रिकामी होतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांत भांडीकुंडी, अंथरुणं आणि ज्वारीची पोती चढतात आणि ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडं, कर्नाटकाकडं निघतात. मागं उरतात म्हातारी माणसं आणि लेकरं. अशाच एका गावात मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते.

एका जानेवारीतली गोष्ट सांगते. तिसरीतला एक मुलगा तीन दिवस शाळेत आला नाही, म्हणून मी त्याच्या घरी गेले. तो चुलीपुढं बसून परातीत पीठ कालवत होता. पीठ पातळ झालेलं, भाकरी काही थापली जात नव्हती. तीन वर्षांची बहीण त्याच्या पाठीला बिलगलेली. आजी बाजेवर पडून होती. हापशावर पाय घसरला आणि मांडीचं हाड मोडलं.

मी फोन लावला तेव्हा आई सातारा जिल्ह्यात उसाच्या फडात होती. तिनं आधी विचारलं, "लेकरं जेवली का, बाई?" येते म्हणाली नाही. म्हणता येणारही नव्हतं. आमच्याकडं एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून आगाऊ रक्कम, म्हणजे उचल, त्या जोडीवर घेतलेली. ती निघून आली की अर्धाच कोयता उरतो आणि रोजचा खाडा उचलीत चढतो. शेवटी शेजारच्या आजीनं दोन्ही लेकरं नेली. तिच्याकडं तिची चार नातवंडं आधीच होती. त्यांतली सहावीतली नात दुसऱ्या आठवड्यापासून शाळेत येईना. बघावं तेव्हा ती तीन वर्षांची पोर तिच्या कडेवर.

या लेकरांसाठी शासनानं काहीच केलं नाही, असं मी म्हणणार नाही. हंगामी वसतिगृहामुळं मुलांना शाळेतच दोन वेळचं जेवण मिळतं. २०२१ साली संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजनेत ४१ तालुक्यांसाठी ८२ वसतिगृहं मंजूर झाली. महामंडळासाठी कारखान्यांनी गाळपाच्या दर टनामागं १० रुपये द्यायचे आणि तेवढेच शासनानं घालायचे, असंही ठरलं. पण हे सगळं शाळेच्या वयापासून सुरू होतं. सहा वर्षांखालचं लेकरू अंगणवाडीतून दुपारी घरी येतं आणि पुन्हा आजीच्याच पदराखाली जातं. हंगामी वसतिगृहातली कितीतरी मुलंसुद्धा जेवण झाल्यावर झोपायला आजीकडंच जातात. वसतिगृह उशिरा सुरू झालं, तर तेवढे दिवस चूलही तिचीच.

म्हणजे साखरेचा अख्खा हंगाम ज्या खांबांवर उभा आहे, त्यांतला एक खांब साठी-सत्तरीची आजी आहे. तिचं नाव कुठल्या टोळीच्या यादीत नाही, कुठल्या करारात नाही. ती लेकरं सांभाळते म्हणून कोयता पुरा होतो. ती माया म्हणून हे करते, आणि आपण तिच्या मायेला व्यवस्था समजून बसलो आहोत.

माझ्या मागण्या तीनच आहेत. वसतिगृहाचं जेवण टोळ्या निघतात त्याच आठवड्यात सुरू व्हावं. केंद्राच्या 'पाळणा' योजनेत अंगणवाडीला जोडून पाळणाघर चालवता येतं. स्थलांतराच्या गावांना त्यात पहिला मान मिळावा, आणि ते संध्याकाळपर्यंत उघडं राहावं. तिसरी मागणी मला सगळ्यांत जवळची आहे. प्रत्येक गावात हंगामापुरती एक बाई मानधनावर नेमा. आजी आजारी पडली की तिनं त्या घरी जावं, आजीला दवाखान्यात पोचवावं, लेकरांना जेवू घालावं. गावातल्याच एखाद्या एकल महिलेला हे काम मिळालं, तर तिच्या घराची चूलही पेटेल.

फडात गेलेल्या आईच्या फोनमध्ये मुकादमाचा नंबर असतो, कारण उचल त्याची असते. या दिवाळीत ट्रॉली निघण्याआधी तिच्या फोनमध्ये आणखी एक नंबर असू द्या: तिची लेकरं उपाशी आहेत असं कळलं, तर जो लावल्यावर गावात कुणीतरी चपला घालून तिच्या घराकडं निघेल.

आपली विश्वासू,
बीड जिल्ह्यातील एक शिक्षिका