तीळ तेवढा ठेवा!

गेल्या रविवारी दादरच्या एका स्टुडिओत जाऊन फोटो काढून आले. कशासाठी, ते सुज्ञांस सांगणे न लगे! वय एकोणतीस, नोकरी बरी, आईचं टेन्शन भरपूर. ‘मोबाइलवरचे सेल्फी चालणार नाहीत, नीट फोटो हवेत,’ असा तिचा हुकूम. मग काय, अबोली साडी, मोकळे केस, ‘मान थोडी डावीकडे, मॅडम’… सगळं यथासांग पार पडलं.

बुधवारी फोटो आले आणि मी बघतच राहिले. फोटोतली मुलगी छान होती, पण ती मी नव्हते. रंग दोन शेड उजळ, नाक किंचित सरळ, आणि ओठाजवळचा माझा तीळ चक्क गायब! फोन केला, तर पलीकडून अभिमानाने उत्तर आलं, “मॅडम, डाग काढून टाकला. त्याचे एक्स्ट्रा नाही लावले.”

डाग? अहो, तो माझ्या आजीकडून आलेला तीळ आहे!

मला फॅशन फोटोग्राफीचं जाम वेड. (पगारातले किती पैसे फोटोंच्या पुस्तकांवर जातात, हे आईला सांगू नका.) त्या रात्री चिडचिड घालवायला एर्विन ब्लुमेनफेल्डचे फोटो काढून बसले, आणि नेमकं समोर आलं ‘व्होग’चं जानेवारी १९५० चं मुखपृष्ठ. मॉडेल जीन पॅचेट. पण दिसतं काय? एक डोळा, वर भुवई, लाल ओठ आणि एक तीळ. बस्स! नाक नाही, हनुवटी नाही, चेहऱ्याची कडासुद्धा नाही. बाकी सगळं त्याने पांढऱ्यात विरघळवून टाकलंय. म्हणजे बघा, या बाबाने आमच्या दादरवाल्यापेक्षा कितीतरी जास्त खोडलं. पण तीळ ठेवला!

हा ब्लुमेनफेल्ड भन्नाट माणूस. १८९७ साली बर्लिनमध्ये ज्यू कुटुंबात जन्मला. अॅमस्टरडॅमला चामड्याच्या पर्सेसचं दुकान चालवायचा आणि गिऱ्हाईक म्हणून आलेल्या बायकांचे फोटो काढायचा. दुकान बुडालं, १९३६ मध्ये पॅरिस गाठलं. महायुद्धात फ्रान्समधल्या छावण्यांमध्ये डांबला गेला, आणि १९४१ मध्ये न्यूयॉर्कला पोचला. तिथे फॅशन मासिकांच्या गुळगुळीत पानांवर त्याने आपले डार्करूममधले उद्योग चालू ठेवले. आरसे, ओलं रेशीम, एकावर एक निगेटिव्ह. डेव्हलप होत असलेल्या फोटोवर मध्येच प्रकाश पाडून काळ्या-पांढऱ्याची उलटापालट करायची, तेही त्याचं आवडतं. मार्च १९४५ च्या मुखपृष्ठावर तर मॉडेल धूसर आणि तिच्यापुढचा रेड क्रॉसचा लाल क्रॉस एकदम ठसठशीत. कपडे विकणाऱ्या मासिकात कपडेच नीट दिसत नाहीत, बोला!

त्यानंतर आठवला निक नाइट. सप्टेंबर १९९८ चा ‘डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड’चा अंक. पाहुणा संपादक डिझायनर अलेक्झांडर मॅक्वीन, आणि मुखपृष्ठावर एमी मलिन्स, दोन्ही पाय गुडघ्याखाली नसलेली धावपटू. आमच्या दादरवाल्याच्या हाती तो फोटो लागला असता, तर त्याने बिचारीला दोन पाय चिकटवून दिले असते, तेही एक्स्ट्रा न लावता! नाइटने मात्र तिचे कृत्रिम पाय लपवले नाहीत. त्याच महिन्यात ती मॅक्वीनने करवून घेतलेल्या कोरीव लाकडी पायांवर रॅम्पवर चालली, आणि बघणाऱ्यांपैकी कित्येकांना ते बूटच वाटले.

म्हणजे फोटोत फेरफार करणं हे काही पाप नाही. ब्लुमेनफेल्डने आयुष्यभर तेच केलं. प्रश्न एवढाच, की फेरफार झाल्यावर उरतं कोण? त्याने सगळं पुसल्यावरही ती जीन पॅचेटच उरली. माझं एवढंसं पुसलं, तर उरली ती कुणीही गोरी मुलगी. आणि आता तर स्टुडिओचीही गरज नाही. आपल्या खिशातले कित्येक फोन न विचारताच आपली त्वचा इस्त्री करून देतात.

शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर पुन्हा दादर. “तीळ परत हवाय.” त्याने दोन सेकंदांत कॉपी-पेस्ट करून लावला. चुकीच्या गालावर! आम्ही दोघंही हसलो. मग मुकाट्याने ओरिजिनल फाइल्स मागून घेतल्या.

घरी आईपुढे दोन्ही फोटो ठेवले. ती आधी गोऱ्या फोटोकडे बघत बसली. “मावशी म्हणेल, पोरीचा फोटो तरी जरा उजळ काढायचा…” मी गप्प. तिच्या डोक्यात काय चाललंय, ते कळत होतं. पोरगी नाकारली जाऊ नये, एवढंच. मग तिने चष्मा वर केला, दुसरा फोटो बोटांनी मोठा केला आणि म्हणाली, “माझ्या आईचा अगदी इथेच होता ना गं?”

“हो.”

“मग हाच टाक.”

टाकला. आत्तापर्यंत दोन स्थळांनी विचारणा केली आहे. मावशीच्या मुलीला पहिल्याच आठवड्यात चाळीस आली होती, हे मावशीने आवर्जून फोन करून कळवलंय. बघू!