मुलांच्या लेखनाला वाचक हवा

आपल्या प्राथमिक शाळांतील मुले लिहीत नाहीत, अशी तक्रार नित्य ऐकू येते. परंतु त्यांनी लिहावे तरी कोणासाठी, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. ‘माझी गाय’ हा निबंध फळ्यावरून वहीत उतरतो, तांबड्या शाईच्या खुणा अंगावर घेतो आणि तेथेच संपतो. ज्याला वाचक नाही असे लेखन म्हणजे वेठच होय.

या प्रश्नाला फ्रान्समधील सेलेस्तँ फ्रेने या प्राथमिक शिक्षकाने कृतीने उत्तर दिले. पहिल्या महायुद्धात त्याच्या फुप्फुसाला जखम झाली होती. वर्गात फार वेळ बोलणे त्याला झेपत नसे. १९२४ साली बार-सूर-लू या खेड्यातील शाळेत त्याने हाताने चालणारे छोटे छपाईयंत्र आणले. मुले शेतांत आणि कारागिरांकडे हिंडून येत व पाहिलेले लिहीत. कोणता मजकूर छापायचा हे वर्ग ठरवी. खिळे जुळवणे, शाई लावणे, छापणे ही कामे मुलेच करीत. छापलेली पाने देशाच्या दुसऱ्या टोकाला, ब्रिटनीतील एका शाळेकडे टपालाने जात आणि तिकडचीही येत. अनोळखी मुलांना आपले म्हणणे कळले पाहिजे, ही निकड लेखनामागे उभी राहिली.

सामान्यांची मुले आपले जगणे स्वतः छापू लागली की प्रस्थापितांना ते खुपतेच. पुढे साँ-पोल येथील शाळेत एका मुलाने महापौराविरुद्धच्या बंडाचे स्वप्न लिहिले. १९३२ च्या अखेरीस त्याचे निमित्त करून फ्रेनेविरुद्ध भित्तिपत्रके लागली आणि १९३३ मध्ये त्याला ती शाळा सोडावी लागली. त्याने हार मानली नाही. १९३५ साली व्हाँस येथे त्याने स्वतःची शाळा उघडली.

आज खिळे जुळवण्याची गरज उरलेली नाही. मोबाईलवर मजकूर टंकता येतो, मुलांचा आवाज मुद्रित करता येतो, क्षणार्धात परगावी पाठवता येतो. मात्र उपक्रमांची छायाचित्रे वरिष्ठांकडे धाडण्यापुरतेच हे साधन वापरले, तर ती तांबड्या शाईचीच नवी आवृत्ती ठरेल. प्रत्येक मुलाकडे यंत्र नाही, ही सबबही पुरेशी नाही. फ्रेनेच्या वर्गातील छपाईयंत्र साऱ्यांचे होते. सामायिक मालकीमुळेच तेथे सहकार्य रुजले.

बीड जिल्ह्यातील एखाद्या शाळेने रायगडच्या किनाऱ्यावरील शाळेशी असे नाते जोडावे. ऊसतोडणीच्या फडावरची पहाट कोळीवाड्यातल्या मुलांना वाचायला मिळावी आणि मासळीबाजाराची हकिकत फडावरच्या मुलांना. मुलांची ओळख व छायाचित्रे बाहेर जाणार नाहीत, एवढी दक्षता मोठ्यांनी घ्यावी.

कार्यकर्त्यांनी आपल्या गावच्या शिक्षकांना भेटून महिन्याला निदान एक पान सुरू करून द्यावे. कागद आणि टपालखर्चाचा भार आपण उचलावा. मजकुराची निवड मात्र मुलांवर सोपवावी. त्या पानात आपल्याला न रुचणारे काही आले, तरी ते छापले गेले पाहिजे.