मापे बाहेरची, प्रवास आतला

नवी गाडी बघायला गेलेले कुटुंब आधी गाडीभोवती एक फेरी मारते. बॉनेट किती उंच, चाके केवढी, रस्त्यावर गाडी कशी उठून दिसेल, याची चर्चा होते. मग प्रत्येक जण दोन-दोन मिनिटे आत बसून पाहतो आणि बुकिंग होते. गाडी आतून कशी आहे, हे कळायला गणपतीत कोकणात जाईपर्यंत थांबावे लागते. एसयूव्ही म्हटली की ती ऐसपैस असणार आणि स्पोर्ट्‌स कार म्हटली की अडचणीची असणार, हे आपण गृहीतच धरलेले असते. हा समज तपासून पाहण्यासारखा आहे.

पोर्शे 911 ची सध्याची पिढी घ्या. तिची लांबी सुमारे 4519 मिलीमीटर. रांजणगावात तयार होणारी टाटा नेक्सॉन 3995 मिलीमीटर, म्हणजे अर्ध्या मीटरहून अधिक आखूड. पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर मात्र दोघींचे जवळपास सारखे आहे: पोर्शेचे 2450, नेक्सॉनचे 2498. तरीही नेक्सॉनच्या मागच्या सीटवर तीन माणसे बसतात, आणि 911 च्या मागच्या दोन छोट्या सीटांवर मोठ्या माणसाला मान वाकवून, गुडघे दुमडून बसावे लागते. याचे कारण बसण्याच्या पद्धतीत आहे. 911 चे छत जमिनीपासून जेमतेम 1.3 मीटरवर असते आणि मागे उतरत जाते. चालक अगदी खाली, पाय पुढे पसरून बसतो, त्यामुळे एकेका माणसाला लांबी जास्त लागते. इंजिन मागच्या चाकांच्याही मागे असल्याने तिथली जागाही जाते. नेक्सॉन सुमारे 1.6 मीटर उंच आहे. तिच्यात माणूस ताठ, पाय खाली सोडून बसतो आणि कमी लांबीत मावतो. चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांना 2006 पासून करसवलत आहे. त्या मर्यादेत पाच जणांची सोय बसवणाऱ्या अभियंत्यांचे कौतुक करायलाच हवे.

पण जागा आणि आराम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्याच 911 च्या पुढच्या सीटवर उंच माणूसही व्यवस्थित बसतो. मांडीला पूर्ण आधार मिळतो, कंबर टेकते, आणि दोन्ही बाजूंच्या उंच कडा वळणावर अंग धरून ठेवतात. एसयूव्हीत आपण उंचावर बसतो. रस्ता छान दिसतो, गुडघे दुखणाऱ्या आजीला खाली वाकून आत शिरावे लागत नाही, हे फायदे खरेच आहेत. मात्र गाडी वळणावर कलते तेव्हा बसणारा जितका उंच, तितका तो बाजूला जास्त हेलकावतो. त्यात सीट सपाट असली, की आंबेनळी घाटात मागे बसलेल्यांना सतत काहीतरी धरून बसावे लागते. उलट खड्ड्यांच्या रस्त्यावर स्पोर्ट्‌स कारचे कडक सस्पेन्शन अंग खिळखिळे करते, ती उणीव कितीही चांगल्या सीटने भरून निघत नाही.

खरी फसगत होते ती तिसऱ्या रांगेत. ‘सात सीटर’ या शब्दावर गाडी विकली जाते. शिडीसारख्या चासीवर बांधलेल्या एसयूव्हीत तळ उंच असतो, मागचा ॲक्सल सीटच्या खालीच येतो आणि छताला मर्यादा असते. मग सीट तळालगत ठेवण्यावाचून गत्यंतर उरत नाही. बसणाऱ्याचे गुडघे छातीकडे येतात, मांड्या अधांतरी राहतात आणि सगळा भार माकडहाडावर पडतो. पाटावर बसल्यासारखीच ही बैठक, फक्त मांडी घालायची सोय नाही. ही जागा बहुधा घरातल्या मुलांच्या किंवा सगळ्यांत कमी तक्रार करणाऱ्या माणसाच्या वाट्याला येते. सनरूफच्या हौसेपायी डोक्यावरची काही बोटे जागा जाते, ती वेगळीच.

आपली मोजमापाची रीत या गोष्टींकडे पाहतच नाही. जीएसटीचा दर ठरवताना लांबी, इंजिनाची क्षमता आणि एसयूव्हीच्या बाबतीत 170 मिलीमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स पाहिला जातो. अमेरिकेतली पर्यावरण संस्था ईपीए साध्या मोटारींचे वर्ग आतल्या घनफळावरून ठरवते, आणि 911 तिथे ‘मिनीकॉम्पॅक्ट’ म्हणजे अगदी लहान वर्गात मोडते. पण एसयूव्हीचा वर्ग तिथेही वजनावरूनच ठरतो. निदान प्रत्येक रांगेत पायांना आणि डोक्याला किती जागा आहे, हे तिथल्या कंपन्या छापतात. आपल्याकडच्या माहितीपत्रकात लांबी, रुंदी, उंची आणि डिकीचे लिटर असतात, पण बसणाऱ्या माणसाचे एकही माप सहसा नसते.

ही मापे कंपन्यांकडे नसतात असे नाही. बसलेल्या माणसाच्या खुब्याचा बिंदू ठरवल्याशिवाय सीट, पट्टे आणि स्टिअरिंग यांची रचनाच करता येत नाही. तेव्हा प्रत्येक रांगेसाठी डोक्यावरची जागा, गुडघ्यांसमोरची जागा, तळापासून सीटची उंची आणि मांडीखालच्या गादीची लांबी, एवढे चार आकडे माहितीपत्रकात छापण्याचे बंधन केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने घालावे. ते होईपर्यंत ग्राहकांनी टेस्ट ड्राइव्हला जाताना सगळे घर सोबत न्यावे आणि घरातल्या सर्वांत उंच माणसाला शेवटच्या रांगेत बसवून गाडी निदान अर्धा तास फिरवावी.