पाणी कधी येणार, हे एकट्या व्हॉल्व्हमनलाच का ठाऊक?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरात निकाह होता. सगळे आले, खाला आली नाही. रात्री फोन केला तर म्हणाली, "पानी का दिन था बेटा, घर छोड के कैसे आती?"

खाला जालना जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. नाव बदललं तरी गोष्ट तीच राहते. तिथे पाण्याचा दिवस अंदाजाने ओळखायचा, वेळेचा तर अंदाजही नाही. गल्लीत कुणीतरी ओरडतं, "नळ आले!" आणि बायका हातातलं काम टाकून हंडे घेऊन धावतात. ती हाक चुकली की पुढचे कित्येक दिवस विकतचं पाणी.

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. गोदामांसाठी लागणारं सॉफ्टवेअर बनवतो. साबणाचा एक खोका कोणत्या ट्रकमधून आला, कोणत्या रॅकवर ठेवला, किती वाजता बाहेर गेला, हे सगळं त्यात नोंदलेलं असतं. खोका सापडला नाही तर रात्री दोन वाजता मला फोन येतो. खालाच्या नळाला पाणी आलं नाही तर कुणालाही फोन जात नाही. साबणाच्या खोक्याची जेवढी नोंद आपण ठेवतो तेवढी पिण्याच्या पाण्याची ठेवत नाही. आणि ही नोंद ठेवण्याचं काम करून पगार घेणारे माझ्यासारखे शेकडो तरुण हे निमूटपणे चालवून घेतात. माझं भांडण आधी त्यांच्याशी, म्हणजे माझ्याशी आहे.

आता "स्मार्ट" या शब्दाबद्दल. २५ जून २०१५ रोजी केंद्र सरकारने स्मार्ट सिटी अभियान सुरू केलं आणि त्यात देशातली १०० शहरं घेतली. जालना त्यात नव्हतं. साठेक किलोमीटरवरचं औरंगाबाद, आजचं छत्रपती संभाजीनगर, २०१६ साली निवडलं गेलं. तिथे जानेवारी २०१९ मध्ये शहर बससेवा सुरू झाली, कॅमेरे लागले. बस चांगलीच गोष्ट आहे, तिला माझा विरोध नाही. पण त्याच शहरात नळाला पाणी येण्यामध्ये कित्येक दिवसांचं अंतर राहिलं आणि मे २०२२ मध्ये लोक पाण्यासाठी मोर्चा काढून रस्त्यावर उतरले. बस आत्ता कुठे आहे हे मोबाइलवर दिसणार आणि पाणी कुठे आहे हे कुणालाच सांगता येणार नाही, या प्रकाराला मी स्मार्ट म्हणणार नाही.

२०२३ साली जालना नगरपरिषदेची महापालिका झाली, राज्यातली २९ वी. नव्या महापालिकेकडे आता नवे विक्रेते येतील. ॲप येईल, डॅशबोर्ड येईल, मोठ्या पडद्याची कंट्रोल रूम येईल. मी याच धंद्यातला आहे, म्हणून सांगतो: डॅशबोर्ड करायला दोन महिने पुरतात. त्यात दाखवायची माहिती मात्र विकत मिळत नाही. ती रोज कुणालातरी नोंदवावी लागते. नोंदच नसेल तर पडद्यावर रंगीत वर्तुळं फिरतात आणि उद्घाटनाचे फोटो निघतात, बस्स.

बिझनेस प्लॅनिंग म्हटलं की आपल्यातले बरेच जण नाक मुरडतात. पाणी हा हक्क आहे, धंदा नाही, असं म्हणतात. मलाही तेच वाटतं. पण कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला जे चार प्रश्न रोज रात्री पडतात ते शहराला पडू नयेत का? माल किती आला? किती गेला? वाटेत किती सांडला? आणि कोणतं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत गेलं? नियोजन म्हणजे एवढंच. नफा काढणं हा त्यातला एक हेतू असू शकतो, एकमेव हेतू नव्हे.

जालना शहराचंच गणित करून पाहू. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या २,८५,५७७ होती. माणशी रोज १३५ लिटर हे सरकारचं जुनं प्रमाण. म्हणजे त्या वेळच्या लोकसंख्येलाही रोज सुमारे ३ कोटी ८५ लाख लिटर पाणी हवं. आता समजा, दर शंभर लिटरमागे तीस लिटर गळतीत आणि बेहिशेबी जोडण्यांत गेले, तर रोज सुमारे १ कोटी १५ लाख लिटर गेले. दहा हजार लिटरचे अकराशेहून जास्त टँकर, तेही एका दिवसात. हे "समजा" मी मुद्दाम लिहिलं. आपल्या शहरात खरा आकडा तीस आहे की पन्नास, हे मोजल्याशिवाय कळणारच नाही, आणि मोजायला मुख्य जलवाहिनीवर, टाक्यांवर आणि घरोघरी मीटर लागतात.

मोजायचं काय, हेही कुणाला नव्याने शोधायचं नाही. केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने २००८ सालीच पाणीपुरवठ्यासाठी नऊ निकष घालून दिले. किती घरांना जोडणी, माणशी किती लिटर, किती जोडण्यांना मीटर, किती पाणी बेहिशेबी, किती तास पुरवठा, पाण्याची गुणवत्ता, तक्रारींचा निपटारा, खर्चाची भरपाई आणि बिलांची वसुली. बेहिशेबी पाणी २० टक्क्यांच्या आत असावं आणि पुरवठा चोवीस तास असावा, असं त्यात लिहिलं आहे. "आम्हाला पाणी द्या" या घोषणेसोबत "या नऊ आकड्यांपैकी आमच्या प्रभागाचे किती, ते सांगा" हा प्रश्न विचारणारे किती जण आहेत?

जालन्याच्या पाण्याचे दोन मोठे स्रोत आहेत. एक निजाम काळातला घाणेवाडी तलाव, जिथून पाणी उताराने शहराकडे येतं. दुसरा जायकवाडी, जिथून ते पंपाने उचलून आणावं लागतं. म्हणजे घाणेवाडीच्या लिटरची किंमत वेगळी आणि जायकवाडीच्या लिटरची वेगळी. घाणेवाडीत साचलेला गाळ म्हणजे महागड्या विजेचं बिल, हे साधं व्यापारी गणित आहे. २०१२-१३ च्या दुष्काळाने ते आपल्याला समजावलं. नागरिकांनी एकत्र येऊन पैसे जमवले आणि तलावातला गाळ उपसला. त्यात ॲप नव्हतं. हिशेब होता.

आणि आपल्या शहराला हिशेब नवा नाही. जालन्याची ओळख बियाणं आणि पोलाद. महिको १९६४ सालची. बियाण्याच्या प्रत्येक पिशवीवर लॉट नंबर असतो. उगवलं नाही तर शेतकरी तो नंबर दाखवून जाब विचारू शकतो. मग पाण्याला लॉट नंबर का नसावा? कोणता व्हॉल्व्ह किती वाजता उघडला, किती वाजता बंद केला, कोणत्या गल्ल्यांना पाणी गेलं. एका ओळीची ही नोंद.

आपल्यातल्या काहींना इतिहासाची फार हौस आहे, म्हणून तेही सांगतो. सोळाव्या शतकात जमशेद खानाने जालन्यात काली मशीद, हमाम आणि सराई बांधली. मोती तलाव बांधून तिथून जमिनीखालून नळ काढले आणि शहरात हौद भरले, अशी नोंद जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. याचा फोटो स्टेटसला ठेवून "हम ने बनाया था" म्हणणं सोपं आहे. जमशेद खानाला आपले नळ कुठून कुठे जातात ते माहीत होतं. तुमच्या गल्लीखालची जलवाहिनी कुठून येते, ते तुम्हाला माहीत आहे का?

आता सगळ्यात नाजूक मुद्दा. आपल्या मोहल्ल्यात बसलं की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "मुसलमानों का एरिया है, इसलिए पानी नहीं आता." हे खोटं आहे असं मी म्हणत नाही. मुस्लिम वस्त्यांतल्या सोयींची कमतरता सच्चर समितीने २००६ साली मांडली. २०२३ साली काही अर्थतज्ज्ञांनी देशातल्या सुमारे १५ लाख वस्त्यांची माहिती तपासून दाखवलं, की मुस्लिम आणि दलित वस्त्यांना शाळा, दवाखाने, पाणी या सेवा कमी मिळतात. पण लक्षात घ्या, त्यांनी ते आकड्यांनी दाखवलं. आपल्या प्रभागाबद्दल आपल्याकडे काय आहे? संताप आहे, आठवणी आहेत, आकडा एकही नाही. नोंद नसेल तर भेदभाव सिद्ध करता येत नाही आणि खोटाही ठरवता येत नाही. अधिकारी म्हणतो, सगळ्यांना सारखंच मिळतं. आपण म्हणतो, मिळत नाही. दोघेही घरी जातात. पलीकडच्या दलित वस्तीतही नळ तसाच कोरडा असेल, तर ते कळायलाही आकडाच लागेल, आणि तसं निघालं तर मोर्चात माणसं दुप्पट होतील.

नियोजन म्हणजे खासगीकरण, हा समजही सोडायला हवा. २०१४ साली औरंगाबादचा पाणीपुरवठा एका खासगी कंपनीकडे गेला आणि २०१६ साली महापालिकेने तो करार रद्द केला. जबाबदारी दुसऱ्याच्या गळ्यात घातली म्हणजे हिशेब आपोआप सुधारत नाही, एवढं त्यातून शिकावं. याउलट सातारा जिल्ह्यात कराडला लागून असलेलं मलकापूर बघा. तीसेक हजार वस्तीचं गाव. तिथल्या नगरपंचायतीने महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या मदतीने चोवीस तास पाणी दिलं. जलवाहिन्यांचं संगणकावर गणित मांडलं, घरोघरी मीटर बसवले, तेही लांबून वाचता येणारे, आणि जास्त वापराला जास्त दर लावला. ही स्मार्ट सिटी अभियानाच्या कितीतरी आधीची गोष्ट आहे. तिथे तंत्रज्ञान शेवटी आलं, आधी गणित आलं.

मीटर म्हटलं की मोहल्ल्यात लगेच प्रश्न येतो: गरिबाने बिल कुठून भरायचं? प्रश्न रास्त आहे. उत्तर दरपत्रकात आहे. गरजेपुरत्या पाण्याचा टप्पा अगदी स्वस्त ठेवा, गाड्या धुणाऱ्याला महाग करा. आणि आज गरीब माणूस फुकट पाणी पितो, हा भ्रम आहे. जार, टँकर आणि बुडालेली रोजी मिळून तो शहरातलं सगळ्यात महाग पाणी पितो. दुसरी भीती पाळत ठेवली जाण्याची. तीही खरी आहे. आपल्या वस्त्यांत कॅमेरा आधी येतो आणि गटार नंतर. म्हणून माझी अट साधी आहे: नोंद व्हॉल्व्हची ठेवा, माणसांची नको.

आता माझी चूक. निकाहनंतर मला जोश आला. खालाच्या मोहल्ल्यासाठी मी एका आठवड्यात ॲप बनवलं: पाणी आलं की बटण दाबा. महिनाभरात एकूण अकरा वेळा बटण दाबलं गेलं, त्यात चार वेळा माझ्याच मामेभावाने, चाचणी म्हणून. खालाने कारण सांगितलं, "फोन तो लड़के ले के जाते, पानी हम भरते." एवढी साधी गोष्ट मी कुणाला विचारलीच नव्हती. मग किराणा दुकानात एक शंभर पानी वही दोरीने बांधली. तारीख, गल्ली, पाणी आलं किती वाजता, गेलं किती वाजता. बायका येता-जाता लिहितात. लिहिता येत नाही त्यांच्यासाठी दुकानदाराची मुलगी लिहिते. माझा भाऊ दर रविवारी पानांचे फोटो पाठवतो, मी ते तक्त्यात भरतो. तीन महिन्यांत कळलं, की मोहल्ल्याच्या वरच्या टोकाला पाणी सरासरी पाऊण तास टिकतं आणि खालाच्या टोकाला जेमतेम वीस मिनिटं. पाणी दोन्हीकडे एकाच व्हॉल्व्हमधून. आधी या दोन टोकांची आपसांत भांडणं व्हायची. आता दोघांचा अर्ज एक आहे आणि त्याला वहीची पानं जोडलेली आहेत.

पाणी आलेलं नाही, एवढ्यात येईल असंही नाही. पण परवा खाला म्हणाली, "अब कम से कम झूठ नहीं बोल सकते." मला तेवढं पुष्कळ वाटलं.

म्हणून नव्या महापालिकेकडे आणि जिल्ह्यातल्या प्रत्येक नगरपालिकेकडे माझी मागणी डॅशबोर्डची नाही. प्रत्येक व्हॉल्व्हची उघडण्या-मिटण्याची वेळ रोज जाहीर करा. प्रत्येक टाकीवर मीटर लावा आणि महिन्याचा आकडा प्रभागाच्या फलकावर मराठी आणि उर्दूत लिहा. ते नऊ निकष शहराचे एकत्र देऊ नका, प्रभागनिहाय द्या. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे अशी माहिती मागण्याआधीच जाहीर करायची असते. नाही केली तर दहा रुपयांचा अर्ज आहेच.

आणि तुमच्याकडे मागणी याहून छोटी आहे. तुमच्यात कुणी कॉमर्सचं शिकतंय, कुणी आयटीआय करतंय, कुणी माझ्यासारखं पुण्यात बसलंय. वुजूचं पाणी वाया घालवू नये, हे आपण लहानपणीच शिकलो. आता गल्लीच्या पाण्याचा हिशेब शिकू. या जुम्म्याला नमाजनंतर गल्लीतल्या पाच घरांशी बोला आणि एका दुकानात एक वही बांधा. पण वहीत काय लिहायचं, हे ठरवण्याआधी पाणी भरणाऱ्या बाईला विचारा. मी विचारलं नव्हतं, आणि माझा महिना फुकट गेला.