तीनदा दाबायचं की पाचदा?

येरमाळ्याला चैत्र पौर्णिमेला येडेश्वरीची यात्रा भरते. दुसऱ्या दिवशी पालखी आमराईकडे निघते आणि लाखोंची गर्दी चुनखडी वेचायला उतरते. अशा गर्दीत नेटवर्क मान टाकतं, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही.

मग मला सांगा, तुमच्या आईच्या फोनमध्ये इमर्जन्सी माहिती भरलेली आहे का? गर्दीत तिला चक्कर आली, तर अनोळखी माणसालाही लॉक न उघडता तिचा रक्तगट, औषधं आणि तुमचा नंबर दिसतो. त्याला नेट लागत नाही.

बरं, पॅनिक बटण? २०१६ साली सरकारने नियमच केला, की भारतात विकायच्या प्रत्येक फोनला ते हवं. साध्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरायचं, स्मार्टफोनवर पॉवर बटण पटापट तीनदा. आता बऱ्याच अँड्रॉइडवर मात्र पाचदा! वा रे नियम!!

'लोक सेटिंग्ज बघतच नाहीत' ही आपल्या आयटी जमातीची आवडती पळवाट. अहो, चेहरा गोरा करणारं बटण कॅमेरा उघडताच समोर येतं ना? ते कुणी शोधत बसत नाही. जीव वाचवणारं मात्र तीन-चार मेनूंच्या पोटात. कारण पहिल्यावर फोन खपतो, दुसऱ्यावर नाही. असो.

गावी जाल तेव्हा फोनवरून मेनूंची नावं सांगत बसू नका, हातात घेऊन भरून द्या. आणि तीनदा की पाचदा, ते सेटिंग्जमध्ये वाचूनच ठरवा. दाबून बघू नका, ११२ वाल्यांना आधीच पुष्कळ कामं आहेत.