फोटो काढलाच पाहिजे का?

‘फोटो काढला का?’ आमच्या वस्तीत आजाऱ्याला भेटायला आलेला माणूस पहिले हेच विचारतो. एक्स-रे, सीटी, एमआरआय, सगळे आपल्यासाठी फोटोच. न काढता परत पाठवले की डॉक्टरने नीट पाहिलेच नाही, असे आम्हीही म्हणत आलो. चिखलदऱ्यात या हट्टाची किंमत मोठी आहे. घाट उतरून परतवाडा, नाहीतर पार अमरावती. दोघांची रोजी बुडते, तिकीट वेगळे.

कंबरदुखीचेच घ्या. विटा, रेती, पाण्याचे गुंड उचलून कंबर धरते. पडल्याचा मार नाही, ताप नाही, वजन उतरले नाही, पूर्वी कॅन्सर नव्हता, पायातली ताकद आणि लघवी-संडासवरचा ताबा शाबूत आहे, तर पहिल्या सहा आठवड्यांत फोटो काढून दुखणे लवकर बरे होत नाही, हे अभ्यासांनी दाखवले आहे. ज्यांची कंबर दुखतच नाही अशा माणसांच्या तपासण्या २०१५ साली एकत्र पाहिल्या गेल्या. विशीतल्या सुमारे ३० टक्के आणि ऐंशीतल्या ८४ टक्के लोकांच्या मणक्यातली गादी फुगलेली होती! म्हणजे अहवालात गादी फुगलेली दिसली म्हणून दुखणे तिच्यामुळेच, असे नाही. पण तो अहवाल हातात पडला की माणूस कामाला जायला भितो.

लेकराच्या खोकल्यातही फोटोसाठी दिवस घालवू नये. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या माणसांना बाळाचे श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला आणि औषध द्यायला शिकवले. १९९० साली छापलेल्या त्यांच्या अभ्यासात न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू निम्म्याहून कमी झालेले दिसले. तिथे एक्स-रे यंत्र नव्हते. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे श्वास मिनिटाला ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त असतील तर त्याच दिवशी औषध लागते. बरगड्यांखाली छाती आत ओढली जात असेल, किंवा बाळ दोन महिन्यांच्या आतले असेल, तर थेट दवाखाना.

एक्स-रे काढणारा तंत्रज्ञ नुसता बटण दाबणारा नव्हे, असे आमचे मत आहे. चिठ्ठीवर छाती आणि दुखतो खांदा, तर त्याने थांबून डॉक्टरांना विचारावे. मागचा फोटो पिशवीत असेल तर आधी तो मागावा. यात वेळ जातो म्हणून आपणच खिडकीवर ओरडतो, हेही खरे.

त्यांच्या धंद्यातही सवयी बदलतात. कितीतरी वर्षे रुग्णाच्या ओटीपोटावर शिसे ठेवत. २०१९ साली अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने ते सरसकट ठेवणे थांबवा म्हटले. आताच्या यंत्रांत किरण कमी लागतात, आणि शिसे सरकले की हवा तोच भाग झाकून फोटो पुन्हा काढावा लागतो. तेव्हा शिसे ठेवले नाही म्हणून भांडू नये. लेकराला धरून उभ्या राहणाऱ्याने मात्र स्वतःसाठी शिशाचा ॲप्रन मागून घ्यावा. दिवस गेल्याची शंका असेल तर बाईने धरायला उभेच राहू नये, आणि स्वतःचा फोटो असेल तर आधी सांगावे. पाळीची तारीख विचारली म्हणून राग नको. पण ती रांगेत सगळ्यांदेखत नव्हे, आत नेऊन विचारा, एवढे आपणही त्यांना सांगू शकतो.