पीएसएचा आकडा आणि घाबरलेलं घर

एप्रिल आला की वस्तीवस्तीत आरोग्य शिबिरं लागतात. लागावीतच. पण गेल्या वर्षी आमच्या विहाराच्या आवारातल्या शिबिरात पन्नाशीपुढच्या सगळ्या पुरुषांना एका रांगेत बसवून ‘कॅन्सरची तपासणी’ म्हणत पीएसएसाठी रक्त घेतलं. आठवड्याने रिपोर्ट वाटले आणि मंडळी निघून गेली. आमच्या गल्लीतल्या एका काकांचा आकडा आला ६.८, तोही ठळक अक्षरांत. तीन दिवस त्या घरात कुणी धड जेवलं नाही. मुलगा कर्जाची चौकशी करून आला. काकांना लघवीला जळजळ होत होती, हे रक्त घेताना कुणी विचारलंच नव्हतं. जंतुसंसर्गाचं औषध झालं, दोन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं. आकडा २.१.

पीएसए म्हणजे प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारं एक प्रथिन. प्रत्येक पुरुषाच्या रक्तात ते थोडं असतंच. वयाने ग्रंथी वाढली, सुजली, लघवी तुंबली, लघवीची नळी घातली, तरी आकडा चढतो. आदल्या एक-दोन दिवसांतल्या शरीरसंबंधानेही चढतो. (बाईमाणसाने हे लिहावं का, असं कुणाला वाटेल. पंधरा वर्षं वॉर्डात नळ्या घातल्या आहेत, मला कसली लाज!) आकडा ४ ते १० असलेल्या चार जणांत साधारण एकालाच तुकडा तपासल्यावर कॅन्सर सापडतो. उलट ४ च्या आत आकडा असूनही कॅन्सर असू शकतो. प्रोस्टेटसाठी फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइडची गोळी सुरू असेल, तर काही महिन्यांत आकडा निम्म्यावर येतो. म्हणून डॉक्टरांना गोळ्यांचं पाकीट दाखवायचंच.

शिवाय हा कॅन्सर पुष्कळदा इतका सावकाश वाढतो की म्हाताऱ्या माणसाला त्याचा आयुष्यभर त्रासही होत नाही. ऑपरेशन किंवा शेक घेतल्यावर मात्र लघवी गळणं, नवरा-बायकोच्या संबंधात अडचण येणं हे मागे लागू शकतं. अमेरिकेच्या तज्ज्ञ समितीने २०१८ मध्ये सांगितलं, की ५५ ते ६९ वयात डॉक्टरांशी बोलून ज्याने त्याने ठरवावं आणि सत्तरीनंतर त्रास नसताना ही तपासणी करू नये. आपल्या सरकारी कार्यक्रमातही सरसकट तपासणी आहे ती तोंडाच्या, स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची. प्रोस्टेटची नाही.

म्हणून तपासणीच नको, असं मी म्हणत नाही. वॉर्डात मी दुसरी बाजूही पाहिली. वॉचमनचं काम करणारे एक दादा आठ महिने कंबरदुखीवर मालिश आणि दुखण्याच्या गोळ्या घेत होते. आमच्याकडे आले तेव्हा कॅन्सर हाडांत उतरला होता, पीएसए शेकड्यांत. रात्री पाच-पाच वेळा उठतात, धार बारीक झालीय, हे वहिनींना वर्षभर माहीत होतं. वय झालं म्हणून कुणी बोललं नाही. हा त्रास बहुतेकदा साध्या वाढलेल्या ग्रंथीचाच असतो, पण ते डॉक्टरांनी तपासून सांगायचं. लघवीतून रक्त जात असेल, न थांबणारी हाडदुखी असेल, तर शिबिराची वाट न बघता सरकारी रुग्णालय गाठा. वडिलांना किंवा भावाला हा कॅन्सर झाला असेल, तर पंचेचाळिशीपासूनच डॉक्टरांशी बोलून ठेवा. आई-बहिणीला तरुण वयात स्तनाचा कॅन्सर झाला असेल, तर तेही सांगा. काही घराण्यांत या दोन्हींचं मूळ एकच असतं.

माझा राग रांगेवर आहे. रक्त घेणं पाच मिनिटांचं काम. पुढे रिपोर्ट कोण वाचणार, परत तपासणी कधी, सोबत कोण जाणार, हे ठरलेलं नसेल तर शिबिरात बीपी आणि शुगर तपासा, ते जास्त उपयोगाचं.

या वर्षीच्या शिबिराच्या समितीला मी हे लिहून दिलं आहे. रक्ताच्या टेबलाआधी एक पडदा आणि दोन खुर्च्या मागितल्या आहेत, बोलण्यासाठी. पडदा मिळाला. डॉक्टर अजून शोधतोय.